जखम भरते, पण माणूस उभा राहत नाही: पायाच्या मधुमेही जखमा असलेल्या अरब रुग्णांच्या जीवनमानाविषयी

प्रश्न असा आला आहे. सांगली जिल्ह्यातील एक परिचारिका सौदी अरेबियातील रुग्णालयाच्या जखमोपचार विभागात नुकत्याच रुजू झाल्या आहेत. त्या लिहितात की पायाच्या मधुमेही जखमांचे रुग्ण रोज येतात, जखमेचे माप दर आठवड्याला कमी होताना दिसते, साखरही बऱ्यापैकी आटोक्यात असते, तरी रुग्ण अबोल होत जातात, काही जण घरी गेल्यावर पायावरचा भार कमी करणारे साधन काढून ठेवतात आणि काही जण मध्येच येणे बंद करतात. या रुग्णांचे जीवनमान नेमके कशाने घसरते, ते मोजावे कसे आणि परिचारिकेच्या हाती त्यातले किती असते, असे त्यांनी विचारले आहे. आखाती देशांत बरीच वर्षे हेच काम केल्यामुळे आणि आता मुंबईत उपचारांसाठी येणारे येमेनी, ओमानी व इराकी रुग्ण पाहत असल्यामुळे मी याचे उत्तर थोडे विस्ताराने देत आहे.

मधुमेहाने नसा बधिर झालेल्या पावलाची जखम बहुधा दुखत नाही. तळव्यात खिळा रुतला तरी रात्री चप्पल काढताना रक्त दिसेपर्यंत त्या माणसाला पत्ता नसतो. त्यामुळे ज्या दिवशी तो आपल्याकडे येतो त्या दिवसापर्यंत त्याचे आयुष्य बऱ्यापैकी चाललेले असते, आणि ते थांबते ते आपल्या सूचनांनी: पाय टेकवू नका, भिजवू नका, जमिनीवर बसू नका, गाडी चालवू नका, हे खाऊ नका. रक्तपुरवठा कमी झालेल्या पायाची गोष्ट वेगळी. तिथे वेदना असते, रात्री पाय पलंगाखाली सोडून बसावे लागते आणि झोपेचे खोबरे होते. काहींना जखम नसलेल्या भागातही नसांची आग सहन करावी लागते. पण निव्वळ बधिरतेतून झालेल्या जखमेचा रुग्ण पाहाल तर त्याने गमावलेल्या गोष्टींची यादी आणि आपल्या सूचनांची यादी जवळजवळ एकच असते. सूचना वैद्यकीयदृष्ट्या बरोबरच असतात. त्या त्याच्या नमाजावर, पाहुणचारावर आणि घरातील त्याच्या स्थानावर नेमक्या कुठे आदळतात हे आपण पाहत नाही, आणि जीवनमानाचा प्रश्न मला तिथे दिसतो.

आधी या आजाराचा आवाका पाहू. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका या विभागात २० ते ७९ वर्षे वयाच्या सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांना मधुमेह होता, म्हणजे दर सहा प्रौढांमागे एकाला, आणि जगातील अन्य कोणत्याही विभागापेक्षा हे प्रमाण जास्त होते. या विभागात इराण आणि पाकिस्तानही मोडतात, तेव्हा हा आकडा केवळ अरबांचा नाही. तरी कुवेतसारख्या देशात प्रमाण याहूनही बरेच वर जाते. मधुमेही माणसाला आयुष्यात कधीतरी पायाची जखम होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के धरली जाते, आणि एकदा भरलेली जखम वर्षभरात सुमारे ४० टक्के व पाच वर्षांत सुमारे ६५ टक्के रुग्णांत पुन्हा उघडते. म्हणजे तुमच्यासमोर बसलेला माणूस तीन महिन्यांचा पाहुणा नसून पुढची अनेक वर्षे तुमच्या विभागात येत-जात राहणार आहे. अमेरिकेतील २०१८ च्या एका अभ्यासात पायाचा आजार असलेल्या मधुमेहींना मृत्यूपेक्षाही पायाचा मोठा भाग कापला जाण्याची भीती अधिक वाटत असल्याचे आढळले. अरब रुग्ण ही भीती सहसा बोलून दाखवत नाहीत, परंतु पट्टी सोडताना त्यांची नजर जखमेकडे नसून तुमच्या चेहऱ्याकडे असते, हे तुमच्याही लक्षात आले असेल.

आता मोजमापाविषयी. पायाच्या जखमांसाठी खास तयार केलेली ‘डायबेटिक फूट अल्सर स्केल’ ही ५८ प्रश्नांची मोजपट्टी २००२ साली आली आणि तिचे २९ प्रश्नांचे संक्षिप्त रूप २००३ मध्ये. संक्षिप्त रूपात सहा भाग आहेत: विरंगुळा, शारीरिक स्वास्थ्य, दैनंदिन जीवनातील परावलंबन, नकारात्मक भावना, पायाविषयीची काळजी आणि जखमेच्या देखभालीचा जाच. गुण ० ते १०० असतात आणि जास्त गुण म्हणजे बरे जीवनमान. याशिवाय सर्वसाधारण आरोग्याची ‘एसएफ-३६’ ही प्रश्नावली अरबी भाषेत बराच काळ वापरात आहे. ही साधने उपयुक्त आहेत, तुमच्या विभागात नसतील तर जरूर आणावीत. पण विरंगुळ्याच्या भागातील प्रश्न वाचून पाहा: छंद बदलावे लागले का, सुट्टीवर जाणे थांबले का, वेगळ्या प्रकारची सहल निवडावी लागली का. मूळ ‘एसएफ-३६’ मध्ये तर मध्यम श्रमांचे उदाहरण म्हणून गोल्फ येतो. सौदीतल्या नजरानच्या साठीतल्या शेतकऱ्याला किंवा जॉर्डनमधल्या इर्बिदच्या आजीबाईंना हे विचारले की ते शांतपणे “नाही” म्हणतात, आणि विरंगुळ्याच्या भागात त्यांना उत्तम गुण मिळतात. शुक्रवारची जुम्म्याची नमाज चुकली का, भावाच्या घरच्या जेवणाला जाणे टाळले का, नातवाला उचलून घेता येते का, हे त्या कागदावर कुठेच नसते.

दुसरी अडचण उत्तराच्या रीतीची आहे. “कसे आहात?” याला “अल्हम्दुलिल्लाह” (ईश्वराची स्तुती असो) हे उत्तर येणारच, घरचा कर्ता माणूस हरवला असला तरी येईल. ईश्वराने दिलेल्या परिस्थितीबद्दल परक्यापुढे कुरकुर करणे श्रद्धेत बसत नाही, त्यामुळे ‘थोडा त्रास’ आणि ‘फार त्रास’ या दोन चौकटींत ते नेहमी कमी त्रासाच्या चौकटीवर बोट ठेवतात. शिवाय मुलगा शेजारी बसलेला असतो. म्हणून मी प्रश्नावलीआधी एक साधा प्रश्न विचारतो आणि त्याचे उत्तर कागदावर अवतरणासह लिहून ठेवतो: “ही जखम होण्यापूर्वी तुम्ही करत होतात आणि आता करत नाही अशी एक गोष्ट सांगा.” तक्रार करायला सांगितले नाही की माणूस मोकळेपणाने बोलतो. पुढच्या प्रत्येक भेटीत जखमेची लांबी-रुंदी लिहिताना त्याच ओळीखाली ती गोष्ट परत आली की नाही हेही लिहावे. गुणांच्या बेरजेपेक्षा ही एक ओळ उपचारांची दिशा ठरवायला मला अधिक उपयोगी पडली आहे.

त्या प्रश्नाचे सर्वात जास्त वेळा येणारे उत्तर नमाजाशी जोडलेले असते, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

दिवसाच्या पाच फर्ज, म्हणजे अनिवार्य, नमाजांत मिळून १७ रकात (नमाजाची आवर्तने) होतात आणि प्रत्येक रकातीत दोन सजदे, म्हणजे किमान ३४ वेळा माणूस कपाळ जमिनीला टेकतो. सजद्यात पायाची बोटे पुढे मुडपून चवड्यावर भार येतो. पायाच्या अंगठ्याखालची जखम, जी आपल्याला सर्वात जास्त दिसते, ती नेमकी या स्थितीत ताणली जाते. बैठकीत डावा पाय अंगाखाली आडवा येतो आणि घोट्याचे बाहेरचे हाड गालिच्यावर दाबले जाते. वर्षानुवर्षे नमाज पढलेल्या माणसाच्या डाव्या घोट्यावर घट्टा असतो आणि बधिर पायात त्या घट्ट्याखाली जखम होऊ शकते. तेव्हा तपासताना तळवा पाहून थांबू नका, घोट्याचे बाहेरचे हाडही पाहा.

आजारी माणसाने उभे राहून जमत नसेल तर बसून आणि बसूनही जमत नसेल तर कुशीवर पडून नमाज अदा करावी अशी हदीस (पैगंबरांचे वचन) आहे, आणि जवळजवळ प्रत्येक रुग्णाला ती ठाऊक असते. तरी तो खुर्चीवर बसत नाही. यात हट्ट असतो असे मला वाटत नाही. वस्तीतल्या मशिदीत ज्या माणसाला चाळीस वर्षे पहिल्या ओळीत पाहिले आहे तो एक दिवस कडेच्या खुर्चीवर दिसला की त्याचा आजार साऱ्या वस्तीला कळतो, मुलीच्या लग्नाच्या बोलण्यापर्यंत तो विषय जातो. शिवाय आपल्यासारख्या बिगरमुस्लिम माणसाने “बसून नमाज पढा” असे सांगणे आणि इमामाने सांगणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सौदी अरेबियातील मोठ्या रुग्णालयांत धार्मिक मार्गदर्शनाचा विभाग असतो. तिथल्या शेखना पहिल्याच आठवड्यात जाऊन भेटा, भार कमी करण्यासाठी प्लास्टर घातलेला पाय आणि चवड्यावरच्या भाराचे चित्र त्यांना दाखवा आणि रुग्णाशी बोलायची विनंती करा. आपण फतवे देऊ नयेत. पण फतवा देणाऱ्याला वैद्यकीय वस्तुस्थिती समजावून सांगणे हे आपलेच काम आहे.

वजूचेही, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याचेही, तसेच आहे. घोट्यापर्यंत पाय धुणे हा वजूचा भाग आहे, आणि आपण पट्टी कोरडी ठेवायला सांगतो. इस्लामी धर्मशास्त्रात पट्टी किंवा फळी बांधलेल्या अवयवावर ओला हात फिरवण्याची सोय आहे, तिला जबीरावरील मसह म्हणतात. पाणी अजिबात वापरता येत नसेल तर मातीने शुद्धी करण्याचा तयम्मुम आहे. चामडी मोज्यांवरील मसहला एक दिवसाची, प्रवाशाला तीन दिवसांची मर्यादा असते, तर जबीरावरील मसहला साधारणतः अशी मुदत मानत नाहीत. अनेक रुग्णांच्या मनात या दोन नियमांची सरमिसळ झालेली असते, आणि आपले प्लास्टर आठवडाभर राहणार म्हणजे आपली नमाज ग्राह्य धरली जाणार नाही अशा समजुतीने ते प्लास्टर काढायला लावतात किंवा घरीच कापून टाकतात. तुम्ही ज्या रुग्णांबद्दल लिहिले आहे त्यांच्यातल्या काहींच्या बाबतीत हेच घडले असण्याची दाट शक्यता आहे. विचारून पाहा, पण मुलासमोर नको.

ज्याच्या एकाच पायाला जखम आहे त्याच्या दुसऱ्या पायासाठी वजू ही मोठी संधी असते. मधुमेहींनी रोज पाय तपासावेत असे आपण कंठशोष करून सांगतो आणि कोणी तपासत नाही. इथे माणूस दिवसातून अनेकदा स्वतःच्या पावलाला हात लावतोच आहे. बोटांच्या बेचक्यांत बोट फिरवताना ओलसरपणा, भेग किंवा फोड जाणवतो का हे पाहायचे, धुतल्यावर बेचक्या कोरड्या टिपायच्या आणि हिवाळ्यात नळाचे गरम पाणी आधी कोपराने तपासायचे, एवढे तीन संस्कार त्यात जोडले की वेगळी शिकवणी लागत नाही.

भार कमी करण्याच्या साधनांबद्दल एक गोष्ट नक्की लक्षात ठेवावी. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात काढता येणारा बूट दिलेल्या रुग्णांनी तो त्यांच्या एकूण चालण्याच्या जेमतेम २८ टक्के वेळ घातला होता.  म्हणून पायाच्या जखमांवरील आंतरराष्ट्रीय कार्यगटाची मार्गदर्शक तत्त्वे चवड्याखालच्या जखमेला गुडघ्यापर्यंतचे, रुग्णाला काढता न येणारे साधन आधी सुचवतात. या पद्धतीचा उगम आपल्याकडच्या कुष्ठरुग्णांच्या सेवेशी जोडलेला आहे. वेल्लोरला काम केलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी बधिर पावलांच्या जखमांसाठी पूर्ण स्पर्शी, म्हणजे पावलाला सगळीकडून टेकणाऱ्या, प्लास्टरचा पुरस्कार केला आणि तेथून हे प्लास्टर मधुमेहींकडे आले. साधन उत्तम आहे, परंतु उजव्या पायाला प्लास्टर लागले की गाडी चालवता येत नाही, आणि रियाध किंवा दोहासारख्या शहरात गाडीविना माणूस घरात कोंडला जातो. सौदी स्त्रियांना गाडी चालवण्याची मुभा २०१८ च्या जूनमध्ये मिळाली. त्यानंतर स्वतः गाडी चालवून नोकरीला जाणाऱ्या एखाद्या बाईंच्या उजव्या पायाला आपण प्लास्टर घालतो तेव्हा आपण त्यांच्याकडून काय काढून घेत आहोत याची जाणीव असावी. प्लास्टर घालण्याआधी ने-आण कोण करणार हे विचारणे, आणि कामाच्या ठिकाणी द्यायचे पत्र त्याच दिवशी हातात देणे, याला पाच मिनिटे लागतात.

रमजानविषयी थोडक्यात. २००१ मध्ये १३ देशांत झालेल्या एपिडायर पाहणीत प्रकार २ च्या सुमारे ७९ टक्के मधुमेहींनी किमान १५ दिवस उपवास केल्याचे दिसले, तेव्हा “रोजा धरू नका” एवढे म्हणून भागत नाही. कुराणात आजाऱ्याला सवलत आहे, आणि पायाची चालू जखम, विशेषतः संसर्ग किंवा रक्तपुरवठ्याची कमतरता असलेली, रुग्णाला मोठ्या जोखमीच्या गटात नेते. हे बोलणे रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी व्हायला हवे. तरावीहच्या, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या, लांबलचक नमाजांमुळे त्या महिन्यात पायावरचा भारही वाढतो, ही गोष्ट साखरेच्या चर्चेत विसरली जाते. आणि जो रोजा सोडतो त्याला इफ्तारच्या सुफऱ्यावर (जेवणाच्या पंगतीत) आपण आगंतुक आहोत असे वाटू लागते. माझ्या एका ओमानी रुग्णाने यावर स्वतःच तोड काढली: इफ्तारची खजूर आणि पाणी वाटण्याचे काम त्याने चाकाच्या खुर्चीवरून आपल्याकडे घेतले, आणि त्या महिन्यात तो एकाही तपासणीला चुकला नाही.

हज आणि उमरा ही मक्केची यात्रा हा आयुष्याचा हिशेब असतो, त्यामुळे ‘जाऊ नका’ हे वाक्य फार जपून वापरावे. काबाभोवतीच्या तवाफच्या सात फेऱ्या आणि सफा-मरवा या टेकड्यांमधील सात खेपा यांपैकी नुसत्या खेपांचेच अंतर सुमारे तीन किलोमीटर होते. मक्केतील मस्जिद-अल-हराममध्ये चाकाच्या खुर्च्या व विजेवर चालणाऱ्या गाड्या मिळतात, हे अनेकांना माहीत असूनही त्यांना ती तडजोड वाटते. इहराममध्ये, म्हणजे यात्रेच्या पवित्र अवस्थेत, पुरुषांना घोटा झाकणारे पादत्राण चालत नाही. वैद्यकीय कारणासाठी सवलत असते, तिचा तपशील आलिमांकडून घ्यावा. खरे संकट उष्णतेचे आहे. १७ जून २०२४ रोजी मक्केत पारा ५१.८ अंशांवर गेला होता. उन्हात तापलेली फरशी बधिर पावलाला कळत नाही आणि तळव्याची कातडी सोलवटून निघते. आणखी एक गोष्ट: मशिदीबाहेर काढून ठेवलेली काळ्या रबराची चप्पल अर्धा तास उन्हात राहिली की ती घातल्यावर टाचेला फोड येऊ शकतो. चप्पल पिशवीत घालून सोबत आत न्यायला सांगा.

आता मजलिसकडे येतो, कारण नमाजाखालोखाल रुग्ण जे गमावतात ते हे. पाहुण्यांसोबत जमिनीवरच्या बैठकीत तासन्‌तास बसणे, गहवा (अरबी कॉफी) व खजूर घेणे, आणि आपल्या घरी बोलावून त्याची परतफेड करणे यावर पुरुषाची इभ्रत उभी असते. आपण सांगतो की सूज उतरण्यासाठी पाय स्टुलावर उंच ठेवा. अरब शिष्टाचारात पाहुण्याच्या दिशेने पायाचा तळवा करणे हा अपमान समजला जातो, त्यामुळे तो माणूस पाय खाली ठेवून सूज वाढवतो, नाहीतर मजलिसला जाणेच सोडतो. यावर उपाय अगदी साधा आहे: खुर्ची भिंतीच्या कोपऱ्यात तिरकी ठेवायची, पाय भिंतीकडे वळवायचा आणि वरून पातळ चादर घ्यायची. हे प्रत्यक्ष करून दाखवले की लोक हसतात आणि करतात. गहवा बिनसाखरेचाच असतो, तेव्हा त्याला नकार द्यायचे कारण नाही. खजूर किती खायचे हे साखरेच्या नोंदीवरून ठरवता येते. सरसकट मनाई केली की माणूस आमंत्रणच नाकारतो आणि मग आपल्याला वाटते की तो उदास झाला आहे.

जखमेच्या वासाबद्दल कोणी आपणहून बोलत नाही. घरात ऊद आणि बखूर हा सुगंधी धूप नेहमीपेक्षा जास्त जळू लागला, रुग्ण अत्तर फासून येऊ लागला, तर समजावे. वास अचानक वाढला तर तो संसर्ग मानून आधी जखम तपासावी, सडलेला भाग काढावा; तसे काही नसेल तर स्राव अधिक शोषणारी किंवा कोळशाची पट्टी वापरावी आणि ती कुठे जाण्याआधी बदलायची हे रुग्णाच्या आठवड्याच्या कार्यक्रमाप्रमाणे ठरवावे. गुरुवारी संध्याकाळी कुटुंब जमते, तर पट्टी गुरुवारी दुपारी बदलावी. आपल्या वेळापत्रकात मंगळवार लिहिला आहे म्हणून मंगळवारी नव्हे.

स्त्रियांची परिस्थिती अनेक बाबतींत बिकट असते. पुरुष डॉक्टरसमोर पाय उघडा करायचा नाही म्हणून त्या उशिरा येतात, पट्टीला परिचारिका हवी म्हणून थांबतात, आणि घरात उभ्याने होणारी कामे त्यांच्याकडून सुटत नाहीत. आखाती घरांत पट्टी बदलण्याचे काम पुष्कळदा घरकामाला ठेवलेल्या इंडोनेशियन, फिलिपिनो किंवा आफ्रिकी बाईकडे असते, आणि आपण सगळी शिकवण मुलाला देतो, ज्याने ती जखम एकदाही पाहिलेली नसते. त्या बाईला बोलावून घ्या, तिला समजेल त्या भाषेत किंवा चित्रांनी शिकवा.

मनाच्या आजाराबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे. लंडनच्या परिसरात पहिल्यांदाच पायाची जखम झालेल्या रुग्णांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की त्यांच्यापैकी जवळपास एकतृतीयांश लोकांना निदान करण्याजोगे नैराश्य होते आणि अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाणही बरेच जास्त होते. अरब रुग्ण “मी उदास आहे” असे क्वचितच म्हणतात. छाती दाटून येते, झोप लागत नाही, अंगात त्राण नाही असे सांगतात, आणि आपण हृदयाच्या तपासण्या करत बसतो. त्या तपासण्या कराव्यातच, पण नैराश्याची अरबी प्रश्नावलीही त्याच दिवशी द्यावी. दुसऱ्या बाजूला, ‘अल्लाहची मर्जी’ हे शब्द ऐकून रुग्णाने हात टेकले असे समजू नका. उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही हदीस त्यांच्या घरोघरी माहीत आहे. सबर, म्हणजे धीर, हा माझ्या अनुभवात रुग्णाचा मोठा आधार असतो. उपचार सोडून देणारे रुग्ण मला श्रद्धेपेक्षा लाजेपोटी आणि खर्चापोटी जास्त आढळले.

घरगुती उपचार चालूच असतात. जेद्दा येथील २०१० च्या एका अभ्यासात मधुमेही रुग्ण पायाच्या जखमांवर मध, हिराबोळ, कलौंजी आणि मेंदी वापरत असल्याची नोंद आहे. वाळवंटी भागात तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची चालही पूर्ण गेलेली नाही, आणि ती मात्र बधिर पायावर घातकच आहे. मधावरून वाद घालण्यात वेळ दवडू नये. निर्जंतुक केलेल्या मधाच्या पट्ट्या मिळतात. त्यांनी जखम लवकर भरते असा भक्कम पुरावा नाही, पण स्वयंपाकघरातल्या बरणीपेक्षा त्या बऱ्या, आणि भार कमी करण्याचे साधन पायात टिकत असेल तर तेवढी देवाणघेवाण मी करतो.

पाय किंवा बोट कापण्याची वेळ येते तेव्हा निर्णय एकट्या रुग्णाचा राहत नाही; मोठा मुलगा, भाऊ, चुलते सगळे जमतात आणि अनेकदा “वडिलांना सांगू नका” अशी विनंती होते. रुग्ण शुद्धीवर व समजता असेल तर संमती त्याचीच लागते, हे नम्रपणे पण ठाम सांगावे, आणि कुटुंबाच्या बैठकीला एक निश्चित वेळ द्यावी, कारण पसरणाऱ्या संसर्गात रात्र उलटली तर बोटाऐवजी पाऊल जाते. एक प्रश्न ते विचारायला संकोचतात: कापलेल्या अवयवाचे काय होणार? मुस्लिम रीतीप्रमाणे तो गुंडाळून पुरतात, आणि आखातातील रुग्णालयांत त्याची व्यवस्था असते. हे आपण आधीच सांगितले तर संमतीच्या कागदावर अडलेला हात हलतो, असे मी पाहिले आहे. आणि माझे स्वतःचे मत असे की वर्षानुवर्षे न भरणाऱ्या, वारंवार तापाने आडवे पाडणाऱ्या जखमेपेक्षा गुडघ्याखाली नीट केलेले विच्छेदन व चांगला कृत्रिम पाय काही निवडक रुग्णांना अधिक चांगले आयुष्य देतो. आपण विच्छेदनाला कायम पराभव म्हणत राहिलो तर त्या रुग्णालाही तो पराभवच वाटेल.

हे सगळे लिहिताना ‘अरब रुग्ण’ असा एकच गट डोळ्यांसमोर ठेवणे चुकीचे ठरेल. अरब लीगमध्ये २२ सदस्य देश आहेत. सौदी किंवा कतारी नागरिकाला उपचार सरकारी खर्चाने मिळतात. त्याच विभागात पुढच्या खुर्चीवर बसलेला सुदानी चालक किंवा इजिप्शियन गवंडी मालकाच्या विम्यावर अवलंबून असतो, आणि त्याला सहा आठवडे पाय टेकवू नको म्हणणे म्हणजे नोकरी व निवासपरवाना दोन्ही पणाला लावायला सांगणे होय. त्याच्यासाठी बसून करता येईल अशा कामाचे पत्र हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. खार्टूममधील जाबिर अबू इज्ज केंद्राने मधुमेही पायांच्या उपचारांत मोठे काम उभे केले होते, पण एप्रिल २०२३ पासून त्या शहराची युद्धाने काय दशा केली हे आपण पाहतोच आहोत. मुंबईत येणारे येमेनी रुग्ण दागिने किंवा जमीन विकून येतात, दुभाष्यामार्फत बोलतात आणि जखम पूर्ण भरण्याआधी पैसे संपले म्हणून परततात. त्यांच्याबाबतीत पहिल्याच दिवशी विचारावे लागते की किती दिवस राहणे शक्य आहे, आणि उपचार त्या दिवसांत बसवावे लागतात.

जखम भरल्यानंतरच्या काळाकडे तुमच्या विभागात कसे पाहिले जाते हे मला माहीत नाही, पण बहुतेक ठिकाणी फाइल बंद होते. भरलेली जखम म्हणजे रोग सुप्तावस्थेत गेला, एवढेच. अशा रुग्णाला दर एक ते तीन महिन्यांनी पाहायचे असते. बंद बूट देऊन उपयोग नाही, कारण तो पायघोळ थोबाखाली पायमोज्यांशिवाय उघडी चप्पलच घालणार. म्हणून मागच्या पट्ट्याची, रुंद आणि मऊ आतल्या तळव्याची वैद्यकीय चप्पल मोजून करून द्यावी, आणि घरात गालिच्यावर चालण्यासाठी, बाहेर कधीच न नेलेला, धुता येणारा दुसरा जोड द्यावा, म्हणजे उंबऱ्याशी पादत्राण काढण्याचा रिवाजही पाळला जातो आणि पाऊल अनवाणी राहत नाही. घरात कातडीचे तापमान मोजणारा तापमापक असेल तर दोन्ही पावलांच्या त्याच जागेची तुलना शिकवावी, २.२ अंश सेल्सियसपेक्षा जास्त फरक सलग दोन दिवस राहिला तर चालणे कमी करून तुम्हाला फोन करायचा, हे रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना सांगून ठेवावे, आणि तो फोन उचलणारी व्यक्ती अरबी बोलणारी असेल याची तजवीज विभागप्रमुखांकडून लेखी करून घ्यावी.